पेन्सिलीतला शेरा

आमच्या विभागात पेन्सिलीला अधिकृत असं काही कामच नव्हतं. अर्ज शाईत, सही शाईत, शिक्का तर शाईतच बुडवलेला. पेन्सिलीनं लिहिलेलं कुणीही खोडू शकतं, म्हणून ते लिहिलेलंच नाही, असा दफ्तराचा न्याय. तरी माझ्या खणात एक पेन्सिल कायम असायची, मागच्या टोकाला माझ्याच दातांच्या खुणा असलेली. विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात खिडकीमागे इतकी वर्षं काढली, त्यातलं निम्मं काम मी तिच्यावर ढकलत होते. हे मला कळलं ते विभाग ऑनलाइन करायचं ठरलं तेव्हा.

प्रणाली तयार करायला एक तरुण मुलगा आला होता. लॅपटॉप उघडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही खिडकीत नेमकं काय काय करता? क्रमानं सांगा." मी बोटांवर मोजत सांगितलं. अर्ज घेते, तपासते, शिक्का मारते, पोच देते, पुढच्या टेबलावर सरकवते. त्यानं पाच चौकोन काढले, मधे बाण घातले. झालं. एवढ्या वर्षांचा संसार पाच चौकोनांत बसला आणि वर पानावर जागाही उरली.

पण मुलगा कामाचा पक्का. दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसला. अर्ज आला की मी त्याच्या वरच्या कोपऱ्यात, समासात, काहीतरी खरडते हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं गठ्ठा ओढून वाचायला सुरुवात केली. 'गुरुवारी येईल.' 'फोटो नंतर.' 'गुणपत्रिकेवरचं आडनाव माहेरचं.' 'रडत होती, आज काढणे.' 'हा तोच, फार बोलतो.' शेवटचं वाचून तो हसला, आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "मॅडम, याला स्टेटस काय देऊ?"

त्याच्याकडे स्टेटस तीनच होते. प्रलंबित, मंजूर, नामंजूर. मी पुष्कळ विचार केला. 'गुरुवारी येईल' हे प्रलंबित खरं, पण प्रलंबित म्हटलं की कुणाचा तरी अर्ज धूळ खात पडलाय असं वाटतं. इथे धूळबीळ काही नाही. तो मुलगा सही आणायला गेलाय आणि मी त्याची वाट बघतेय, एवढंच.

पहिल्या वर्षी व्हायचं तेच झालं. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सर्व्हर बसला. आमच्या साहेबांना वाटलं, ऑनलाइन म्हणजे रांग संपली. रांग कुठली संपते? ती व्हरांड्यातून उठून तारेत जाऊन उभी राहिली होती, आणि आता कुणाला दिसत नव्हती इतकंच. रांगेचंही एक शास्त्र आहे, हे मला त्याच मुलानं सांगितलं. अ‍ॅग्नर एर्लांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, त्यानं १९०९ मध्ये फोनच्या गर्दीचं गणित मांडलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं. त्यातला सगळ्यात साधा हिशेब असा, की खिडकी ९० टक्के वेळ गुंतलेली असेल तर तिच्यापाशी सरासरी ९ माणसं असतात, आणि ९९ टक्के गुंतली की ९९. काम वाढतं थोडंसं, रांग मात्र मारुतीच्या शेपटीसारखी वाढते. आणि विद्यार्थी हा प्राणी अर्ज शेवटच्या दिवशीच भरतो. खिडकी दगडी असो की काचेची.

व्हरांड्यातल्या रांगेला एक गुण होता. पुढचा मागच्याला सांगायचा, "अरे, दोन झेरॉक्स लागतात, एक नाही." मग मागचा धावत जाऊन घेऊन यायचा आणि त्याची जागा कुणीतरी राखायचं. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर रांगेनंच निम्मे अर्ज दुरुस्त केलेले असायचे. पडद्यावरच्या रांगेत पुढे कोण, मागे कोण, पत्ता नाही. पंधरा मिनिटं भरलेला फॉर्म 'सत्र संपले' म्हणून गायब होतो, आणि शिव्या द्यायलाही शेजारी कुणी नसतं.

नावांचा घोळ मात्र नवा नाही. प्रणालीत 'नाव' आणि 'आडनाव' दोन्हींपुढे लाल चांदणी होती, म्हणजे रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जगात पुष्कळ माणसांना एकच नाव असतं, आडनाव हा प्रकारच त्यांच्याकडे नसतो. परदेशातून आलेल्या एका विद्यार्थ्यानं आडनावाच्या रकान्यात नुसता टिंब दिला. प्रणालीनं तो निमूट घेतला. त्याच्या ओळखपत्रावर वर्षभर नावापुढे टिंब होता आणि तो कुणालाच, म्हणजे मलाही, काढता आला नाही. कागदावर मी रकान्यात आडवी रेघ मारून समासात 'आडनाव नाही' असं लिहिलं असतं आणि विषय संपला असता.

प्रणालीवाला मुलगा म्हणाला, हे दुखणं जुनंच आहे. आयबीएमनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं भोकाचं कार्ड काढलं, माहिती भोकं पाडून नोंदवायची आणि यंत्रानं ती वाचायची. पुढे कितीतरी विद्यापीठांत विद्यार्थी म्हणजे असलं एक कार्ड होतं. नावाला जेवढे रकाने नेमून दिलेले, तेवढंच नाव, उरलेलं तुमचं तुम्ही घरी ठेवा. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं तेव्हा हीच कार्डं त्यांच्या रागाचं चिन्ह झाली होती. कार्डांवर सूचना असायची की याची घडी घालू नये, दुमडू नये, भोसकू नये. आम्हालाही कार्डाएवढं तरी जपा, अशी ती चेष्टा. मला ती ऐकून आमची गठ्ठ्याला दाभण घालून दोरी ओवायची पद्धत आठवली. आमच्याकडे कागदाला भोसकणं हीच शिस्त होती.

आता कागदाचे गोडवे फार गायले, तर मीच खोटी ठरेन. त्या खिडकीला एक भोक होतं, साधारण पोटाच्या उंचीवर. उभ्या माणसाला वाकावं लागायचं. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलीला ते भोक दिसायचं, मी दिसायची नाही. फीची मुदत वाढवून मागायला आलेला मुलगा तोंड भोकाला लावून कुजबुजायचा, मला ऐकू यायचं नाही, मी मोठ्यानं विचारायची, "काय? पैसे नाहीत?" मागची सगळी रांग कान टवकारायची. त्या मुलाचं मान खाली घालून जाणं आजही डोळ्यांपुढे येतं. तोच आज रात्री दोन वाजता, खोलीचं दार लावून, कुणालाही न सांगता मुदतवाढ मागू शकतो. याची किंमत माझ्या सगळ्या पेन्सिलींपेक्षा जास्त आहे.

आणि पेन्सिल तरी कुठे समदर्शी होती? 'आज काढणे' हे मी कुणासाठी लिहायची? जी रडली तिच्यासाठी. जो नीट बोलला, हसला, मागच्या वेळचं लक्षात ठेवून "मॅडम, तुमचा खोकला बरा का?" म्हणाला, त्याच्यासाठी. जो घुम्यासारखा अर्ज सरकवून उभा राहायचा, त्याला नियमाप्रमाणे आठ दिवस. गरज कदाचित त्याचीच मोठी असेल. तो लाजरा होता, एवढा त्याचा गुन्हा. यंत्र निदान कुणाच्या हसण्याला भुलत नाही. 'फार बोलतो' असा शेराही मारत नाही.

तरीसुद्धा मी मुलाकडे हट्ट धरला. तीन स्टेटस ठेव, पाच चौकोन ठेव, पण मला समास दे. त्यानं दिला. अर्जाच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना आला, मर्यादा २५० चिन्हांची. गंमत अशी की घाईत त्यानं त्यालाही लाल चांदणी लावली. म्हणजे शेरा अनिवार्य! पहिल्या महिन्यात शेकडो अर्ज आले आणि शेकडो शेरे. 'नाही.' 'निरंक.' 'शेरा.' बाकी सगळे टिंब. समास मागितला आणि रांगोळी मिळाली.

चांदणी काढायला लावली, तरी टिंब येतच राहिले, सवयीनं. मी मात्र रोज सकाळी तो रकाना वाचून काढते. परवा टिंबांच्या मधे एक भरलेला रकाना सापडला. देवनागरीत, काठोकाठ. आपल्या लिपीला २५० चिन्हं पुरत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. यंत्र वेलांटी, काना, अर्धं अक्षर सगळं वेगळं मोजतं. 'विद्यार्थिनी' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा, त्याच्या हिशेबी बारा चिन्हांचा. पोरीनं परवाचं वेळापत्रक, बसची चुकामूक, हरवलेलं ओळखपत्र असं सगळं सविस्तर, अगदी बैठक मारून सांगितलं होतं, आणि मुद्द्याचं वाक्य असं होतं: 'म्हणून मी प्रवेशाच्या वेळी जी जन्मतारीख लिहिली ती खरं तर माझ्या'

पुढे काही नाही. रकाना संपला होता.

कुणाची? बहिणीची? की नुसतीच 'माझ्या चुकीमुळे'? त्या अर्जाखाली मंजूर आणि नामंजूर अशी दोन बटणं होती. सुदैवानं मोबाइल नंबरलाही लाल चांदणी होती. मी नंबर लावला, खांद्यात रिसीव्हर धरला आणि खणातून पेन्सिल काढली.