चारशे प्रती खपणाऱ्या पुस्तकाचा खर्च कोणी सोसायचा?

अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेत मी पुस्तकांची निर्मिती आणि त्यांची अंदाजपत्रके पाहते. सुट्टीत वडोदऱ्याला आले की दांडिया बाजारातील आमच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: एवढ्या मोठ्या विद्यापीठाने पुस्तके काढण्याच्या व्यवहारात पडावेच कशाला, आणि पडले तर दरवर्षी तोटा का यावा? विचारणारे नानाकाका आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलेले आहेत. ज्ञानाची सेवा वगैरे उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून आकड्यांसकट लिहीत आहे.

विद्यापीठांनी प्रकाशन करण्याची प्रथा फार जुनी आहे. ऑक्सफर्डमध्ये पहिले पुस्तक १४७८ मध्ये छापले गेले आणि केंब्रिज विद्यापीठाला आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये छपाईची सनद दिली. अमेरिकेत आजवर अखंड चालू असलेल्या अशा संस्थांपैकी सर्वांत जुनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची, १८७८ सालची. त्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डॅनिअल कॉइट गिलमन यांची धारणा अशी होती की ज्ञान वाढवणे आणि ते वर्गात बसणाऱ्यांच्या पलीकडे दूरवर पोहोचवणे हे विद्यापीठाचे एक उदात्त कर्तव्य आहे. व्यापारी प्रकाशक खपेल तेच पुस्तक घेतो, त्यात गैर काही नाही. पण ज्या विषयाचे साऱ्या जगात चार-पाचशेच वाचक आहेत, त्यावरचे पुस्तकही कोणीतरी काढावे लागते, कारण त्या विषयातील पुढचे संशोधन त्याच्याच आधाराने होते.

खर्च कोठे होतो, हे एका हस्तलिखिताच्या वाटचालीवरून सांगते. मध्ययुगीन दख्खनमधील दानपत्रांवरचे एक हस्तलिखित आमच्याकडे आले. संपादकाने ते बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांतील एकाने दोन शिलालेखांचा काळ चुकल्याचे सप्रमाण दाखवले, त्यामुळे लेखकाला एक संपूर्ण प्रकरण नव्याने लिहावे लागले. सुधारलेले हस्तलिखित आणि तज्ज्ञांचे अहवाल प्राध्यापकांच्या संपादन मंडळापुढे गेले, तेथे मंजूर झाले आणि मग भाषिक संपादनाला लागले. मुद्रितांच्या टप्प्यावर असे दिसले की टंक बदलताना रोमन अक्षरांखालची टिंबे गळून पडली आहेत. न आणि ण, त आणि ट यांतील भेद ज्या टिंबांवर अवलंबून असतो, तीच नाहीशी झाली होती. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी पानन् पान पुन्हा वाचून एकेक टिंब लाल पेन्सिलीने परत बसवले. हे काम वाचकाला कधीच दिसत नाही, पण त्या पुस्तकावर विसंबून पुढे लिहिणाऱ्याला त्याचीच गरज असते. या साऱ्यासाठी जाणकार माणसे लागतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो.

इथाका एस अँड आर या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अमेरिकेतील २० विद्यापीठ-प्रकाशनांच्या ३८२ पुस्तकांचा खर्च तपासला. एका पुस्तकाचा खर्च सुमारे १५ हजार डॉलरपासून जवळजवळ १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत निघाला, आणि सर्वांत मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्या वेळेचा होता. या खर्चात कागद आणि छपाई धरलेली नाही. आता समजा, ९० डॉलर किमतीच्या पुस्तकाच्या ४०० प्रती विकल्या गेल्या आणि विक्रेत्यांची सूट वजा जाता प्रतीमागे ६० डॉलर हाती आले, तर एकूण जमा २४ हजार डॉलर होते. ४० हजार खर्चाच्या पुस्तकावर १६ हजारांची तूट येते, आणि छपाई, गोदाम, टपाल यांचा खर्च वेगळाच राहतो. त्यातही विक्री झाली म्हणजे ती कायमची झाली असे नाही, कारण न खपलेल्या प्रती परत करण्याचा हक्क तेथील विक्रेत्यांना असतो. परत आलेली खोकी उघडली की किमतीची चिठ्ठी ओढून काढल्यामुळे वेष्टनाचा रंग उडालेल्या, कोपरे दुमडलेल्या प्रती निघतात. त्या पुन्हा पूर्ण किमतीला विकता येत नाहीत.

नानाकाका म्हणाले, "अगं, मग किंमत वाढवा." गेली कित्येक वर्षे तेच चालले आहे. एके काळी अशा पुस्तकाच्या हजाराहून अधिक प्रती जात, कारण विद्यापीठांची ग्रंथालये ती नियमाने घेत. पुढे विज्ञानाच्या नियतकालिकांच्या वर्गण्या भरमसाट वाढल्या, ग्रंथालयांचा पैसा तिकडे वळला आणि पुस्तकांची खरेदी आटली. प्रती कमी म्हणून किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून स्वतःच्या पैशाने पुस्तक घेणारा अभ्यासकही दुरावला.

तूट भरून काढण्याचे मार्ग संस्थेगणिक वेगळे आहेत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांना शब्दकोश, बायबल आणि शालेय पुस्तके यांचा आधार आहे. शिकागोला नियतकालिकांचा आणि १९०६ पासून निघणाऱ्या आपल्या लेखनशैलीच्या नियमपुस्तकाचा आहे. लुइझियाना राज्य विद्यापीठाने १९८० मध्ये काढलेल्या एका कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, पण असा योग मागून येत नाही. आमच्यासारख्या संस्था आपल्या राज्यातील पक्षी, नद्या, स्थानिक इतिहास यांवरची पुस्तके काढतात. ती चांगली खपतात, तरीही शेवटी विद्यापीठाच्या अनुदानावाचून चालत नाही.

वडोदऱ्याच्या माणसाला हे पटणे अवघड नसावे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१६ मध्ये राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'ने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. ताडपत्रांवरचा संस्कृत ग्रंथ शोधून, पाठभेद तपासून छापण्यात नफा नव्हता, तरी ते काम राज्याने अंगावर घेतले. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत प्रसिद्ध केली, तेव्हा ते मंदिर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झालेले होते. याच आवृत्तीवरून झालेला इंग्रजी अनुवाद प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९८४ ते २०१७ अशी तेहेतीस वर्षे खर्ची घालून पूर्ण केला. एवढा धीर धरायला दोन्हीकडे विद्यापीठच लागले. आमच्या ग्रंथालयात ते खंड पाहताना मला आपल्या गावाचा मनापासून अभिमान वाटतो, आणि त्या आवृत्तीसाठी हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या पंडितांचे पगार कोणीतरी वर्षानुवर्षे न कुरकुरता दिले, हेही ध्यानात येते.

तो धीर अलीकडे सुटत चालला आहे. मिसूरी विद्यापीठाने मे २०१२ मध्ये आपली प्रकाशन संस्था बंद करण्याचे जाहीर केले. वाचवायचे होते वर्षाला ४ लाख डॉलर. अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज यांचे समग्र साहित्य काढणारी ती संस्था होती. लेखक आपले हक्क परत मागू लागले, देशभरातून निषेध झाला आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठाने निर्णय फिरवला. २०१९ मध्ये स्टॅनफर्डने, ज्याची गंगाजळी अब्जावधी डॉलरची आहे, आपल्या प्रकाशनाला वर्षाला १७ लाख डॉलर देण्यास नकार दिला. तेथेही प्राध्यापकांनी आवाज उठवल्यावर पुढच्या वर्षाची तरतूद झाली. राइस विद्यापीठाची संस्था मात्र १९९६ मध्ये बंद पडून २००६ मध्ये केवळ डिजिटल रूपात परतली आणि २०१० मध्ये पुन्हा बंद झाली. छपाई सोडली म्हणजे खर्च संपतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

मला सर्वांत जास्त खटकते ते पुढेच आहे. विद्यापीठ-प्रकाशनांच्या संघटनेचे सभासद दीडशेहून थोडे अधिक आहेत, तर अमेरिकेतील उच्च शिक्षणसंस्था हजारांच्या घरात आहेत. इतिहास किंवा साहित्य शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकाला मोठ्या विद्यापीठात कायम व्हायचे तर चांगल्या प्रकाशनाचे पुस्तक नावावर लागते. पुस्तक चांगले आहे की नाही ही पारख करण्याचा खर्च थोडी विद्यापीठे सोसतात आणि तिच्या भरवशावर नेमणुका बाकीची सारी करतात. ज्या विद्यापीठाला प्रकाशन संस्था नाही, ते आपल्या प्राध्यापकाचे पुस्तक दुसऱ्याच्या पैशाने तपासून घेते, आणि याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पुस्तके सर्वांना विनामूल्य वाचता यावीत यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ मध्ये आणि एमआयटीने २०२१ मध्ये योजना सुरू केल्या. एमआयटीच्या योजनेत अनेक ग्रंथालये मिळून खर्च उचलतात. वडोदऱ्यातील विद्यार्थ्याला ९० डॉलरचे पुस्तक घरबसल्या मिळते, म्हणून मी या योजनांच्या बाजूची आहे. मात्र भार ग्रंथालयांवरच राहतो, आणि त्यांच्या तरतुदीला कात्री लागली की या योजनाही डळमळतात.

मला अधिक न्याय्य वाटतो तो २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी सुरू झालेला प्रयोग. त्यात सहभागी विद्यापीठांनी आपल्या प्राध्यापकाच्या पुस्तकासाठी, ते प्रयोगात सहभागी असलेल्या कोणत्याही विद्यापीठ-प्रकाशनाने काढले तरी, साधारण १५ हजार डॉलर द्यायचे आणि पुस्तक सर्वांना खुले करायचे असे ठरले होते. वर सांगितलेल्या पाहणीतील सर्वांत स्वस्त पुस्तक तेवढ्यात निघाले होते, त्यामुळे ही रक्कम निदान दुप्पट करावी लागेल. पण ज्याच्या प्राध्यापकाचे पुस्तक, त्याने पैसे द्यावेत ही अट मला योग्य वाटते, आणि मानव्यविद्यांत पीएच.डी. देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने ती स्वतःहून मान्य करावी.