तळेबाजारच्या पुढे

समुद्रकाठच्या कुणकेश्वराच्या जत्रेची वाट. नांदगाव, शिरगाव, तळेबाजार. कुठे ओवाळणी झाली, कुठे रात्री पाठ टेकली, आता सगळं एकात एक मिसळलंय. शिवरात्रीच्या दुपारी टाचेला आलेला फोड मात्र लख्ख आठवतो. गावच्या देवस्वारीबरोबर अनवाणी निघालेलो. डांबर तापलेलं, कातळाचा सडा उघडा, तरंगं, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, पुढे गेलेली. मागून एक पोर सारखं ‘हर हर महादेव’ ओरडत होतं, त्याला गप्प बस म्हणालो. तेही उपासाच्या दिवशी.

आंब्याच्या कलमांच्या एका बागेच्या दगडी गडग्यावर टेकलो, तर आतून राखणदार काठी घेऊन आला. नेपाळी. हाकलणार असं धरून मीच आवाज चढवला, “कैरयेक हात लावूक नाय आमी!” तो माझ्या पायाकडे बघत होता. काठी वांदरांसाठी होती.

बादलीत मीठपाणी घेऊन आला. “फवारणीची नाय मा?” मी विचारलंच. तो हसला. मग वाटीत मुठेल, कोकमाच्या बियांचं तेल, चुलीवर पातळ केलेलं. ते त्याला इथल्याच कुणा म्हातारीने दाखवलेलं. तोही अनवाणीच होता, त्यालाही शिवरात्र, पशुपतिनाथाची. तोवर आमच्यातल्या एकाने त्याला दोनदा ‘बहादूर’ म्हणून हाक मारली होती.

पाय सुकेपर्यंत मी कुणकेश्वराची गोष्ट सांगायला घेतली. परमुलखातला मुसलमान व्यापारी, वादळात सापडलेलं गलबत, किनाऱ्यावर दिसलेला दिवा, नवस, देऊळ. आता आपली माणसं आपल्याला घेणार नाहीत, म्हणून शिखरावरून उडी. देवळाजवळ त्याची कबर दाखवतात. आजी ‘देवान त्याका आपलो केल्यान’ म्हणून थांबायची. मीही तिथेच थांबतो, आणि दर वेळी माझा गळा भरून येतो.

“घरी कोण वाट बघत होता त्याचा?”

गोष्टीत ते नाही, म्हणालो. तो वाटी पुसत राहिला. मग म्हणाला, आंबा उतरला की जूनमध्ये तो गावी जातो. मुलगी पहिले दोन दिवस दाराआडून बघते. तिसऱ्या दिवशी जवळ येते.

ढोल लांब गेला होता. उठलो. फोड शंभर पावलांत फुटलाच.

अमावास्येला तरंगांबरोबर समुद्रात उतरलो, खारं पाणी टाचेला असं झोंबलं की देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यातलं एक अक्षर कानात शिरलं नाही. परतताना टेम्पोतून तो गडगा ओळखला. आत वांदरांना हुसकवणं चाललं होतं. हाक मारायला तोंड उघडलं, तर ‘बहादूर’ सोडून काही येईना. टेम्पो पुढे गेला.