कळंबोली ते पुलवामा: रेडिएटरला गोधडी

कळंबोलीत सीट कव्हरवाल्याला माझ्या ट्रकच्या रेडिएटरवर घालायच्या कव्हरचं माप दिलं, तर त्याने टेप हातात धरूनच विचारलं, "दादा, इथे लोकांच्या गाड्या गरम होतात म्हणून बोंब आहे, आणि तुम्ही झाकताय?" त्याचं काय चुकलं? जानेवारी असला तरी अंगावर घामाच्या धारा होत्या. पण भाडं होतं श्रीनगरचं. परतीला पुलवाम्याच्या लस्सीपोऱ्यातल्या कोल्ड स्टोअरमधून सफरचंद उचलून वाशी मार्केटला आणायची होती. आणि तिकडे चिल्लई कलान चालू, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस.

कव्हर असं शिवून घेतलं: जाड रेक्झिन, आतून जुन्या चादरीचं अस्तर, चार कोपऱ्यांना पट्टे आणि मधोमध फूटभर लांब, फूटभर रुंद खिडकी. ती पंख्याच्या बरोबर समोर आली पाहिजे. खिडकीला वेल्क्रोची झडप. गेल्या वर्षी पंजाबात एका ढाब्यावर मी नुसता पुठ्ठा अर्ध्या बाजूला खोचला होता. पंख्याच्या अर्ध्या पात्यांना हवा, अर्ध्यांना नाही, त्यामुळे तो घरघरायला लागला. वर रात्रीच्या धुक्यात पुठ्ठ्याचा लगदा होऊन इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या) जाळीत बसला. अंबाल्याला बसून टूथब्रशने काढला, तोही माझ्याच.

निघायच्या आधी मेकॅनिकला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बघायला सांगितला, तर गाडीत तो नव्हताच! आधीच्या मालकाने काढून टाकलेला. मुंबईच्या उकाड्यात हा जुगाड बरेच जण करतात. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन गरमच होत नाही, मग वरून कितीही पांघरूण घाला. नवा बसवला. पाणी सगळं काढून अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं. अशा मिश्रणाला उणे तीसच्या खालीही काही होत नाही. नळाचं पाणी तिकडे रात्रीत गोठलं, तर फुगून रेडिएटर काय, ब्लॉकही फोडेल.

सुरत, उदयपूर, जयपूर, दिल्ली, यात सांगण्यासारखं काही नाही. कव्हर सीटखालीच. जम्मूपर्यंत ते बांधायची गरजच पडली नाही.

डिझेलचं मात्र ऐका. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. ज्या तापमानाला हे होतं त्याची कमाल मर्यादा मानकात उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळीला ६ अंश आहे. म्हणून मुंबईहून टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका. मी ती पंजाबात जवळजवळ रिकामी करून तिथेच भरली, नंतर काश्मिरात पुन्हा. कव्हरमुळे टाकीतलं डिझेल गरम होत नाही, सकाळचा स्टार्टही सोपा होत नाही. इंजिनाने तयार केलेली ऊब वाऱ्याने पळू नये, एवढंच त्याचं काम.

उधमपूरच्या अलीकडे दोन दिवस अडकलो. जड गाड्या बहुतेक एका वेळी एकाच दिशेने सोडतात, दरड आली की तेही बंद. निघायच्या आदल्या रात्री ट्रॅफिक पोलिसांची सूचना बघा आणि चार दिवसांचा शिधा ठेवा. स्टोव्ह किंवा शेगडी बंद केबिनमध्ये पेटवून झोपू नका. त्या धुराने माणूस झोपेतच जातो.

बनिहाल-काझीगुंडच्या साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि समोर सगळं पांढरं. टेम्परेचरचा काटा तोवर सत्तरच्या खाली रेंगाळत होता. कव्हर बांधलं, खिडकी उघडी ठेवली. अर्ध्या तासात काटा ऐंशीच्या वर जाऊन थांबला आणि केबिनच्या हिटरमधून पहिल्यांदाच गरम म्हणावी अशी हवा आली. आमच्या क्लीनरने मोजे काढून पाय तिथेच लावले. वासाचं जाऊ द्या.

लस्सीपोऱ्यात रात्री उणे सहा होतं. मुक्कामाला थांबलात की ब्रेकच्या एअर टँकमध्ये साचलेलं पाणी न विसरता सोडा, नाहीतर ते लाइनमध्ये गोठतं आणि सकाळी ब्रेक सुटत नाहीत. बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला वापरतात तो पातळ युरिया उणे ११ ला गोठतो. द्रासकडे जाणाऱ्यांनी तेही ध्यानात ठेवा. सकाळी तासभर आयडलवर गाडी तापवत बसू नका, डिझेल इंजिन त्याने धड तापत नाही. पाचेक मिनिटांनी, ब्रेकची हवा भरली की हळू निघा.

खरी फजिती परतीला. रामबनला चिनाबच्या काठी चांगलं ऊन होतं. कव्हर काढायला हवं होतं. पण खिडकी उघडी आहे म्हणून मी आळस केला. नाशरीच्या बोगद्याकडे चढताना, भरल्या गाडीत, पिकअप एकदम पडला. काटा तेव्हा अजून जागेवरच होता! टर्बोची हवा इंटरकूलरमध्ये थंड होत नव्हती, म्हणून इंजिन दम टाकत होतं. पाण्याला ते कळायला वेळ लागतो. थोड्या वेळाने काटाही शंभरकडे निघाला, पंखा गर्जायला लागला. जागा बघून बाजूला घेतली. खाली उतरून पाहतो तर धुळीने वेल्क्रोची पकड गेलेली, आणि वाऱ्याने झडप खिडकीवर येऊन चिकटलेली.

कव्हर तिथेच काढलं. वीस मिनिटं आयडलवर ठेवून इंजिन निवू दिलं. रेडिएटरच्या टोपीला हात लावला नाही. क्लीनर फडकं घेऊन पुढे सरसावला होता, त्याच्यावर ओरडलो.

आता कव्हर गच्चीवर धुऊन वाळत घातलंय. वेल्क्रो उसवून टाकलं. झडप वर गुंडाळून बांधता येईल अशा दोन नाड्या लावून घेतो आहे, पंधरा-पंधरा इंचांच्या.