पुढून हिरवं, मागून बारीक

खाण्याच्या पाकिटाची पुढची आणि मागची बाजू एकाच माणसाने लिहिलेली नसणार असं माझं ठाम मत आहे. पुढचा भलताच उत्साही. तेलाच्या बाटलीवर 'झिरो कोलेस्टेरॉल' लिहून वर लालभडक हृदय काढतो. अहो, कोलेस्टेरॉल मुळात प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांत असतं, बियांच्या तेलात ते येणार कुठून? पण वाचून बरं वाटतं, आणि बरं वाटलं की हात सैल सुटतो, कढईत चमचाभर जास्तच पडतं. फॅटच्या एका ग्रॅममागे 9 कॅलरीज, त्यात हृदयाच्या चित्राने काडीचा फरक पडत नाही.

मागचा माणूस अबोल, आणि अक्षर असं की पाकीट उजेडात तिरपं धरावं लागतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा बऱ्याच देशांत नियम आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. आता साखर पहिली आली तर पंचाईत, मग थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, वर फळांच्या रसाचं कॉन्संट्रेट अशी साखरेचीच वेगवेगळ्या नावांनी वाटणी केली की सगळे खाली सरकतात आणि पहिला नंबर जातो धान्याला. हुशारी आहे राव! शिवाय कॅलरीचा आकडा 'पर सर्व्हिंग', सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं. दोनवर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि रंग तर विचारूच नका. जोनाथन शुल्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने 2013 साली छापलेल्या प्रयोगात कँडी बार तोच, कॅलरी त्याच, फक्त लेबल हिरवं केलं तर लोकांना तो लालवाल्यापेक्षा हेल्दी वाटला. शिकलेसवरलेले लोक हो! म्हणजे आपण वाचतच नाही, नुसते बघतो.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली या देशाने 2016 मध्ये हेच ओळखलं बहुतेक. तिथे साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्या की पाकिटाच्या पुढेच काळा अष्टकोनी शिक्का, आणि शिक्का बसला की मुलांना भुलवणारी कार्टूनं खोक्यावरून गायब. मला हे फार पटलं, कारण 'साखर जास्त' एवढं वाचायला ना चष्मा लागतो ना गणित.