अंगणातला ओटा आणि सामान ठेवायचा प्रश्न

परदेशात आल्यापासून घरामागच्या अंगणात आम्ही जो स्वयंपाकाचा ओटा बांधलाय त्याचे फोटो टाकले की भारतातून प्रश्न ठरलेला, "अगं दिसतंय छान, पण सामान कुठे ठेवतेस?" आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण शेगडी निवडायला आम्हाला एक दुपार पुरली पण सामानाची सोय नीट लागायला दोन वर्षं गेली.

पहिल्या वर्षी आम्ही घरातली जुनी कपाटं काढून बाहेर ओट्याखाली बसवली. लॅमिनेट चांगलं होतं, वर छप्पर होतं, त्यामुळे काही होणार नाही असं वाटलं. पण लॅमिनेटच्या आतला पार्टिकल बोर्ड हा दाबून चिकटवलेला भुसा, कडेच्या पट्टीतून एकदा पाणी आत गेलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. थंडी संपल्यावर मी खालच्या कडेवर नख दाबलं तर नख आत गेलं आणि भुसा फरशीवर सांडला. ड्रॉवरच्या पट्ट्यांवर गंज चढलेला, ड्रॉवर अर्धा उघडून अडकायचा, जोर लावला की चिमट्या-झाऱ्यांसकट पूर्ण हातात यायचा.

मग नवीन काही घ्यायच्या आधी मी एक काम केलं आणि ते तुम्हीही करा असं मनापासून सांगेन. एका रविवारी बाहेर स्वयंपाक करताना घरात जायला लागलं की दारावरच्या कागदावर एक रेघ आणि कशासाठी ते लिहायचं. जेवण होईपर्यंत १४ हेलपाटे! चिमटा, पुसायचं फडकं, कच्चं ज्यात होतं ते ताट घाण झालं म्हणून शिजलेलं काढायला दुसरं ताट, कचऱ्याची पिशवी, असं सगळं बारीकसारीक. मोठं भांडं एकदाही नाही. त्या कागदावरूनच ठरलं, जे दरवेळी लागतं आणि ऊन-पाऊस-थंडीने बिघडत नाही तेवढंच बाहेर राहणार, बाकी सगळं एका मोठ्या ट्रेमधून जाणार आणि येणार. लोक इथेच चुकतात, आतलं अख्खं स्वयंपाकघर बाहेर मांडायला जातात आणि मग कपाटं कमी पडतात.

आता कपाटं कशाची? आम्ही स्टेनलेस स्टील घेतलं, ३०४ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे स्टीलचा प्रकार). समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ बघा, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. एचडीपीई प्लास्टिकच्या शीटचीही कपाटं मिळतात, ती फुगतही नाहीत आणि गंजतही नाहीत, फक्त शेगडीच्या अगदी शेजारी नकोत. आणि दार स्टीलचं पण बिजागरी आणि ड्रॉवरच्या पट्ट्या साध्या, असं असतं बरेचदा, ते आधी विचारून घ्या. स्टील घासायला तारेची घासणी नको, तिचे लोखंडाचे कण मागे राहतात आणि त्यांचेच तपकिरी डाग पडतात.

कपाटाला पाय हवेत, खालून हवा खेळली पाहिजे. पूर्ण बंद कप्प्यात दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने आतूनच दव धरतं, पाऊस नसताना ओलं कसं हे मला पहिल्यांदा कळेचना. पण हवेसाठी भोकं ठेवली की उंदीर येतात! उंदराच्या पिल्लाला ६ मिलिमीटरची फट पुरते म्हणून त्याहून बारीक जाळी मारली आणि कोरडा माल, पीठ-मसाले वगैरे बाहेर अजिबात ठेवत नाही.

गॅसचं मात्र प्लीज नीट वाचा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवेला वाट पाहिजेच पाहिजे, बाजूच्या कप्प्यांपासून तो पूर्ण वेगळा पाहिजे आणि सिलिंडर उभाच ठेवायचा. त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही, रिकामी जागा दिसली म्हणून कागदाचे रोल कोंबायचे नाहीत आणि जादा सिलिंडर तर नाहीच नाही. कोळसा वापरत असाल तर झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, आणि राखेसाठी वेगळा, वरून गार दिसणाऱ्या राखेत आत निखारा दुसऱ्या दिवशीसुद्धा जिवंत असू शकतो.

जागा ठरवताना हात कुठे जातो ते बघा. माझा उजवा हात शेगडीवर असतो म्हणून चिमट्याचा उथळ ड्रॉवर उजवीकडे, शेगडीच्या थेट खाली नाही कारण तिथे उष्णता आणि तेल दोन्ही. कचऱ्याचा डबा चिरायच्या फळीखाली. फ्रिज घेतलाच नाही, आतला फ्रिज कडक थंडी-उन्हाळ्यात बाहेर नीट चालत नाही आणि बाहेर चालणारा घेण्याएवढी आमची गरज नाही, बर्फाची पेटी पुरते.

आता राहिलंय शेगडीचं कव्हर. ओलंच घडी करून कप्प्यात टाकलं की बुरशी धरतं, म्हणून मोठ्या दाराच्या आतून वाळत घालायला एक दांडी लावायचीय. माप घेऊन झालंय, ६० सेंटीमीटर, येत्या शनिवारी भोकं पाडतोय.