तुम्ही विचारलंत म्हणून: सेउ जॉर्ज गायक की नट?

ब्राझीलच्या सेउ जॉर्जचे गाणे कुणाला ऐकवले की हमखास विचारणा होते, ‘हा त्या चित्रपटातला नट ना? मग गायला कधी लागला?’ काहीजण नेमका उलटा प्रश्न करतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो की, गाणे आणि अभिनय त्याच्याकडे एकाच दाराने आले आणि ते दार नाटकाचे होते.

सेउ जॉर्ज, खरे नाव जॉर्ज मारियो दा सिल्वा, १९७० साली रिओ शहराला लागून असलेल्या बेलफोर्ड रोशो या कष्टकरी वस्तीच्या गावात जन्मला आणि दहाव्या वर्षी टायर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. विशीच्या सुमारास त्याचा भाऊ गोळीबारात मारला गेला, कुटुंब विखुरले आणि त्याने जवळपास तीन वर्षे रिओच्या रस्त्यांवर काढली. अशा अवस्थेत क्लॅरिनेटवादक पाउलो मौरा यांचा पुतण्या गाब्रिएल मौरा याने त्याला एका संगीत नाटकाच्या निवड चाचणीला नेले. त्यानंतर रिओ राज्य विद्यापीठाच्या नाट्यसंस्थेत तो अनेक नाटकांतून गात आणि अभिनय करत घडला. ‘सेउ’ हे ‘सेन्योर’चे बोलीतले रूप, आपल्या ‘राव’सारखे, ते टोपणनाव त्याला मार्सेलो युका या संगीतकाराने दिले.

‘फारोफा कारिओका’ या त्याच्या वाद्यवृंदाचा पहिला गाण्यांचा संग्रह १९९८ साली आला. त्यांच्या कार्यक्रमांत सांबा हे ब्राझीलचे नृत्यसंगीत आणि ठेकेदार अमेरिकी फंक यांच्या जोडीला नाट्य आणि सर्कसही असे, त्यामुळे गायकाने नुसते उभे राहून गाणे तिथे शक्यच नव्हते. २००१ मध्ये त्याचा पहिला एकल संग्रह निघाला, आणि पुढच्याच वर्षी रिओच्या वस्तीतल्या टोळीयुद्धावरच्या ‘सिटी ऑफ गॉड’ या चित्रपटात तो माने गालिन्या झाला: भाऊ मारला गेल्यावर बंदूक उचलणारा साधा बस कंडक्टर. त्याचे स्वतःचे आयुष्य ठाऊक असलेल्याला ती भूमिका शांतपणे पाहवत नाही. निदान मला तरी पाहवली नाही.

जगाने मात्र त्याला ओळखले ते अमेरिकी दिग्दर्शक वेस अँडरसनच्या २००४ सालच्या ‘द लाइफ अ‍ॅक्वाटिक’ या चित्रपटामुळे. त्यात जॉर्जने साकारलेला जहाजावरचा एक खलाशी डेव्हिड बोवी या ब्रिटिश रॉक गायकाची गाणी एकट्या गिटारवर पोर्तुगीजमध्ये गात बसतो. पुष्कळांना ती भाषांतरे वाटतात, पण चाल बोवीची ठेवून शब्द बहुतेक ठिकाणी जॉर्जने स्वतःचे घातले आहेत. त्या खलाशाच्या मनात काय चालले असेल, हे नटाला उमगल्याशिवाय असे शब्द सुचत नाहीत, असे माझे मत आहे. स्वतः बोवीनेही या गाण्यांची मनापासून प्रशंसा केली होती.

ब्राझीलमध्ये त्याची कीर्ती वेगळ्या कारणांनी आहे: २००५ साली गायिका आना कॅरोलिनासोबत केलेला गाण्यांचा संग्रह, त्यानंतरची नाचायला लावणारी सांबा-पॉप गाणी, आणि ब्राझीलच्या लष्करी राजवटीशी लढलेल्या कार्लोस मारिगेलाची चित्रपटातली भूमिका. अभिनेता वाग्नर मौराने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट २०१९ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, पण ब्राझीलच्या चित्रपटगृहांत पोहोचायला २०२१ उजाडले.

जानेवारी २०१६ मध्ये बोवी गेला आणि त्याच आठवड्यात जॉर्जचे वडीलही गेले. त्या वर्षाअखेरीस दोघांच्या स्मृतीसाठी तो तीच गाणी घेऊन दौऱ्यावर निघाला, तेव्हा मंचावर तो एकटाच होता, गिटार घेऊन आणि त्या खलाशाची लाल टोपी डोक्यावर घालून.