अंधेरीच्या गाळ्यातली दोरांची कार्यशाळा

पुण्याहून सकाळच्या गाडीने दादर, तिथून स्लो लोकलने अंधेरी. वीरा देसाई रोडच्या आतल्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे. खाली लेथ मशीनची घरघर, वरच्या गाळ्यांत नाचाचे आणि तालमींचे स्टुडिओ. त्यातलाच एक गाळा दुपारपुरता भाड्याने घेऊन शिबारीची, म्हणजे दोराने बांधण्याच्या जपानी पद्धतीची, कार्यशाळा ठेवली होती.

इथे थेट कुणालाही घेत नाहीत. आधी कॅफेतल्या भेटीला जावं लागतं. बीडीएसएम, म्हणजे संमतीने बांधणं, ताबा देणं-घेणं आणि वेदना यांचे खेळ, खेळणाऱ्यांत या भेटीला ‘मंच’ (इंग्रजी munch) म्हणतात. ही पद्धत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातून पसरली. मी वांद्र्याच्या मंचला गेले होते. रोजचे कपडे, कॉफी, नुसत्या गप्पा. खरं नाव किंवा नोकरी कुणी विचारत नाही, वय मात्र ओळखपत्रावर तपासतात.

गाळ्याच्या दाराशी मोबाइल जमा झाले. पहिला मोठा वेळ दोराला हातसुद्धा लावायचा नव्हता. जोडीदाराला काय चालेल, काय अजिबात नको, कुठे जुनं दुखणं आहे, हे समोरासमोर बसून बोलायचं. ‘लाल’ म्हटलं की सगळं तिथल्या तिथे बंद, ‘पिवळा’ म्हणजे सैल कर.

मग दोर आले. तागाचे, सहा मिलिमीटर जाडीचे, ज्योतीवरून फिरवून तूस जाळलेले आणि तेल लावून मऊ केलेले. वेढ्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दंडाच्या बाहेरच्या बाजूने रेडियल मज्जातंतू जातो. दोर तिथे रुतला तर मनगट लुळं पडू शकतं. म्हणून शिकवणाऱ्या ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “पंजा वर उचलून दाखव.” प्रत्येक जोडीजवळ बोथट टोकाची कात्री होती. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, “पिवळा, अंगठ्याच्या मागे मुंग्या येतायत.” तिच्या जोडीदाराने त्याच क्षणी दोर सोडला, पाणी दिलं, पाठीवर चादर टाकली. ‘का गं, एवढ्यात?’ असं कुणीही म्हणालं नाही. मला ते फार आवडलं.

कोपऱ्यात एक जण नुसता लक्ष ठेवून उभा होता. मला वाटतं, अशी जागा हवी ती याच माणसासाठी. मुंबईत वन रूम किचनमध्ये चार-पाच माणसं राहतात, एकांत कुठून आणायचा? मग लोक अनोळखी माणसाच्या फ्लॅटवर जातात, आणि तिथे काही बिघडलं तर हाक मारायला कुणी नसतं.

कायद्याची धास्ती अनेकांना असते. भारतीय न्याय संहितेचं कलम २५ अठरा वर्षांवरच्या व्यक्तीच्या संमतीला महत्त्व देतं, पण जबर दुखापतीला ती ढाल चालत नाही. आजार म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात संमतीचं सेडोमॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्या-घेण्यातलं लैंगिक सुख, विकारांच्या यादीत नाही. जबरदस्तीचा सेडिझम, म्हणजे संमतीशिवाय दुसऱ्याला वेदना देण्यातलं सुख, मात्र आहे. ही सीमारेषा मला अगदी योग्य वाटते.

संध्याकाळी चहावर कायमच्या जागेचा विषय निघाला. डिपॉझिट परवडत नाही, आणि कारण कळलं की मालक नाही म्हणतात. तोवर भाड्याचा गाळाच. पुढच्या वेळी लक्ष ठेवण्याच्या कामासाठी मी नाव देऊन आले आहे. त्याआधी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं आहे.